दोर बायांनी ओढला

ज्या दिवशी दवाखान्याचा सांगाडा उभा करायचा होता, त्या दिवशी सकाळी माझा नवरा पोट धरून घोंगडीत पडला होता. पोटाला काहीही झालेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्याने भरपेट नाचणीची भाकरी खाल्ली होती आणि वर आणखी कालवण मागून घेतलं होतं.

"अवो, उठा. साहेब वाट बघत असंल."

"पोटात कळ येते गो."

"कुठं येते? दाखवा."

त्याने हात ठेवला तो बरगडीवर. पोट कुठे असतं तेही भीतीने विसरला होता.

इथे मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर जन्मभर 'तुमी' म्हटलं, तेवढं पुरे झालं.

भीती कसली ते मला ठाऊक होतं. मुरबाडच्या जंगलठेकेदाराचा मुकादम आदल्या दिवशी डोळखांबच्या आसपासच्या सगळ्या पाड्यांवरून फिरून गेला होता. जो कोणी उद्या त्या गोऱ्याच्या दवाखान्यावर जाईल त्याला पुढे लाकूडतोडीचं काम नाही, गाडी भरायचं काम नाही, कोळशाच्या भट्टीवर काम नाही. भात कापून झालं की आमच्याकडच्या पुरुषांना दुसरं काम होतं कुठे? ठेकेदाराच्या हातात सगळं जंगल होतं, त्यामुळे माणसंही त्याच्याच हातात होती.

ठेकेदाराचा राग एवढाच की त्या गोऱ्या साहेबाने त्याच्या वखारीतलं लाकूड घेतलं नव्हतं. लोकांच्या मालकीच्या जागेतली साग आणि ऐनाची झाडं सरकारची परवानगी काढून थेट लोकांकडून घेतली. आपल्याला वगळून या मुलखात एक झाड आडवं होतं, हे त्याला सहन झालं नाही. म्हणून त्याने दवाखाना अडवायचं ठरवलं.

मला त्या दवाखान्याची गरज का होती तेही सांगते, म्हणजे माझा राग कळेल. माझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा ऐन श्रावण होता. मला डोलीत घालून शहापूरच्या दवाखान्याकडे नेलं. डोलीवाले शेणवे गावापर्यंत चिखल तुडवत आले, पुढे सापगावच्या नदीला पूर. नावाडी नाव घालायला तयार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. नदीच्या काठी, झाडाखाली, पावसात मी बाळंत झाले. मुलगी होती. रडली नाही. डोली उचलणाऱ्यांतल्या एकाने तिथेच खड्डा काढला. परत येताना मी त्याच डोलीत होते आणि पुढे चालणारे दोघे भाताला खत किती घालावं यावर बोलत होते. त्यांचं ते बोलणं मला अजून ऐकू येतं.

तर गोरे दोघं होते, बहीण आणि भाऊ. इंग्रज नव्हेत, जर्मन मुलखातले. बहीण डॉक्टर होती, पन्नाशीची, कोरड्या आवाजाची. भाऊ सुतार होता. गोरा साहेब आणि हातात लाकूड तासायचा वाकस, हे आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या डोंगराळ मुलखात सगळी घरं लाकडाच्या सांगाड्याची असतात, त्याचा बाप-आजा तीच कामं करत आलेले. दवाखानाही तसाच बांधायचा असं त्याने ठरवलं, आणि त्यासाठी त्याला इथला एक सुतार हवा होता. तो माझा नवरा.

आपल्याकडचं घर म्हणजे मेढी, म्हणजे बेचक्याचे खांब, जमिनीत पुरायच्या, वर आढं टाकायचं, वासे बांधायचे. चार-सहा वर्षांत मेढीचा पुरलेला भाग वाळवी खाते. साहेबाने खांब पुरले नाहीत. आधी दगडाचं जोतं, जोत्यावर आडवी जाड तुळई, आणि त्या तुळईत खांब बसवायचे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला सुतार कुसू म्हणतात, आणि दुसऱ्या लाकडात त्या कुसवापुरती खाच पाडायची. कुसू खाचेत बसलं की आरपार भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची. खिळा एकही नाही. आमचे सुतारही कुसू काढतात, पण साहेबाची एक युक्ती नवऱ्याला नवीन होती. कुसवातलं भोक खाचेतल्या भोकाच्या अगदी समोर पाडायचं नाही, किंचित आत सरकवायचं. मग खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते आणि दोन्ही लाकडांना एकमेकांकडे ओढून घेते. लाकूड सुकलं की सांधा आणखी आवळतो.

पहिल्या दिवशी नवरा घरी आला तो हसत. "साहेब भोक चुकवतो आणि म्हणतो बरोबर आहे." आठवड्याने तोच मला जमिनीवर काडीने रेघा काढून ते भोक समजावत होता. त्या हिवाळ्यात तो बदललाच. दारू सुटली. पहाटे उठून पटाशीला धार लावायचा. खैराच्या खुंट्या तासून आणायचा आणि मी त्या चुलीवरच्या माळ्यावर सुक्या मासळीच्या शेजारी वाळत ठेवायची. खुंटी खडखडीत वाळलेली लागते, नाहीतर ती सांध्यात सैल होते. प्रत्येक कुसवावर आणि त्याच्या खाचेवर पटाशीने सारखीच खूण केलेली असायची, कारण एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. सगळा दवाखाना असा जमिनीवर, तुकड्यातुकड्यांत, जोत्याशेजारच्या खळ्यात तयार झाला. आता चौकटी जुळवून दोरांनी आणि बांबूंनी उभ्या करायच्या राहिल्या होत्या. त्याला एकाच वेळी गावभर माणसं लागतात. साहेब म्हणायचा, आमच्याकडे असं घर उभं करायला सगळा गाव येतो, कोणी मजुरी मागत नाही.

आणि त्या दिवशी माझा नवरा घोंगडीत.

"सारा हिवाळा काय केलंत मग?" मी विचारलं. "लाकडं तासलीत ती जाळायला?"

"तू बाईमाणूस. तुला काय कळतंय? उद्या काम नाय मिळालं तर खाशील काय?"

"आज तरी काय खातोय? तुमचा भ्याडपणा?"

त्याने हात उगारला नाही. त्याने डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. मारलं असतं तर मला कमी राग आला असता.

मी खळ्यावर गेले. साहेब एका तुळईवर बसला होता, टोपी गुडघ्यावर. डॉक्टरबाई जोत्यावर उभी. तिसरं माणूस नाही. रस्त्याने ठेकेदाराच्या गाड्या चालल्या होत्या आणि त्या गाड्यांवर आमचे पुरुष बसले होते, मान दुसरीकडे वळवून. त्यांच्यात माझा दीर होता. डोली उचलणारेही होते.

"सुतार?" साहेबाने विचारलं.

"आजारी," मी म्हटलं. लाज मला वाटली, खोटं मला बोलावं लागलं, आणि तो घोंगडीत आरामात. "साहेब, मी बाया आणते. दोर ओढायला."

त्याने मान हलवली. त्याचं मराठी तुटकं होतं. "बाई नाही. जड. बाई मरेल."

"मरायला आमी घरात बी मरतो साहेब," मी म्हटलं. "बाळंत होताना मरतो. नदीच्या काठाला मरतो. दोराने मेलो तर निदान काय तरी उभं करून मरू."

त्याला सगळं कळलं नसावं. डॉक्टरबाईला कळलं. ती त्यांच्या भाषेत त्याला काहीतरी कडक बोलली आणि तो उठून दोर सोडायला लागला.

मी आधी माझ्या जावेकडे गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. "नको गो बाई," म्हणाली, "घरातले मारतील." दुसऱ्या दोघींनी दारच लावून घेतलं. मी रस्त्यात उभी राहून शिव्या दिल्या. पुरुषांना दिल्या, बायांना दिल्या, ठेकेदाराच्या सात पिढ्यांना दिल्या. मग ठाकरवाडीत सुईणीकडे गेले. खरं तर तिच्याकडे शेवटी जायचं ठरवलं होतं, कारण दवाखाना झाला तर तिचं काम जाणार, ती कशाला येईल? म्हातारी अंगणात ऊन खात बसली होती. मी सांगितलं. तिने कमरेचा चंची-बटवा सोडला, पान चुना लावून तोंडात टाकलं आणि उठली.

"आजे, तुजं काम जाईल," मी म्हटलं.

"जाऊं दे," ती म्हणाली. "माज्या हातात गेलेल्या पोरी सपनात येतात. चल."

ती निघाली तशी वाडी निघाली. तिच्या हातून ज्या ज्या घरात मूल झालं होतं त्या घरातल्या बायांना तिला नाही म्हणता येईना. कुणब्यांच्या, ठाकरांच्या, एरवी एका पाणवठ्यावर न येणाऱ्या बाया त्या दिवशी एका दोराला आल्या. माझी जाऊही आली, सगळ्यात मागे, तोंडाला पदर लावून.

पहिली चौकट जमिनीवर जुळवलेली होती. दोन खांब, वर आडवी तुळई, कोपऱ्यांना तिरके आधार. वरच्या टोकाला दोर बांधले, काहीजणींनी टोकाला बेचकं असलेले बांबू धरले, आणि साहेबाने हात वर केला. तो "ओढा" म्हणाला, पण त्याच्या तोंडून ते असं काही आलं की बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सुईण पुढे झाली. तिला येत होता तो एकच पुकारा तिने केला.

"जोर दे गो बाय, जोर दे! आता दे! आता दम घे!"

हा पुकारा प्रत्येकीने आपल्या अंगावर ऐकलेला होता. बाया हसायला लागल्या, हसता हसता ओढायला लागल्या, आणि लाकूड करकरत वर आलं. खांबाची कुसवं तळच्या तुळईच्या खाचांत बसली तेव्हा धप्प असा आवाज आला. तो आवाज मला अंगात ऐकू आला. मी रडले नाही. मी मनात म्हटलं, घोंगडीत ऐकू गेलं का?

दुसरी चौकट अर्ध्यावर अडली. तिचा एक खांब खाचेत गेला, दुसरा जाईना. चौकट कलंडलेली, आमच्या हातात दोर, हाताची सालं निघालेली. साहेब खालून पहारीने लोटत होता आणि वर चढायला कोणी नव्हतं. बांबू धरलेल्या दोघी थरथरायला लागल्या. चौकट पडली असती तर त्या दोघी आणि साहेब खाली सापडले असते.

तेवढ्यात खळ्याच्या कडेच्या आंब्यामागून आवाज आला. "तिरकं सैल करा! तिरक्याची खुंटी काढा आधी!"

माझा नवरा. धावत आला, पहिल्या चौकटीवर माकडासारखा चढला, मोगरीने खुंटी मागे ठोकली, तिरका आधार सैल केला. दुसरा खांब खाचेत गेला. मग त्याने खुंटी पुन्हा मारली. त्यानंतर तो दिवसभर खाली उतरला नाही. संध्याकाळपर्यंत चारही चौकटी उभ्या राहिल्या, लांब तुळया बसल्या, छपराच्या कैच्या चढल्या. साहेबाने सगळ्यात उंच टोकाला आंब्याची हिरवी डहाळी बांधली. त्याच्या मुलखात सुतार तसं करतात म्हणाला. मग त्याने माझ्या नवऱ्याला मिठी मारली.

नवरा माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, आता ही पण हसेल.

मी विचारलं, "आंब्यामागं कधीपासून होतात?"

 मी बाया गोळा करत होते तेव्हापासून तो तिथे होता, हे मला मागून कळलं. आमचे हात सोलत होते तेव्हा होता. चौकट अडेपर्यंत थांबला होता, कारण तोवर रस्त्यावरून ठेकेदाराच्या गाड्यांची ये-जा चालू होती. लोक म्हणाले, आला ना शेवटी, वाचवलंन ना सगळ्यांना. वाचवलंन. पण मी त्याच्याशी होळीपर्यंत बोलले नाही. आणि त्या होळीला गावात सगळे काय म्हणत होते? 'सुताराने दवाखाना उभा केला.' बायांचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. बायांच्या तोंडीसुद्धा नव्हतं. घरी मार खाल्ला होता त्यांनी.

भिंती आम्हीच भरल्या. खांबांच्या मधे कारवीच्या काठ्यांचा कुड विणला आणि शेणामातीने लिंपला. साहेब ते बघून खूश झाला. त्यांच्याकडेही अशीच काठ्या विणून, चिखल थापून भिंत भरतात म्हणे. डॉक्टरबाईने पावसाळ्याआधी दवाखाना सुरू केला. माझा मुलगा तिथे झाला, सुईणीचा हात एका बाजूला आणि डॉक्टरबाईचा दुसऱ्या. म्हातारीचं काम गेलंच नाही. डॉक्टरबाईने तिला ठेवून घेतली. दोघींचं बोलणं एकमेकींना निम्मंच कळे, तरी दिवसभर भांडत.

मग लढाई लागली. जर्मन मुलखातले म्हणजे शत्रू, असं सरकारने ठरवलं. पोलीस आले आणि दोघांना घेऊन गेले. साहेबाने जाताना हत्यारांची पेटी नवऱ्याला दिली. डॉक्टरबाईने किल्ली सुईणीच्या हातात ठेवली. आमच्या बायांचे गर्भ तपासणारी बाई कोणाची शत्रू, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. मी फौजदाराला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, बाजूला हो."

लढाईत लाकडाला सोन्याचा भाव आला. ठेकेदाराची नजर सांगाड्यावर गेली. जोत्याची जागा पाटलाची आणि पाटील ठेकेदाराच्या घरी जेवणारा. एका सकाळी मुकादम पहारी आणि करवती घेतलेली माणसं घेऊन आला. खिळे असते तर उचकटून काढले असते. हे सांधे उचकटेनात, आणि कापले तर लाकडाचा भाव पडतो. खुंटी कोणत्या बाजूने हाणायची, आधी कोणती, ते माहीत असलेला एकच माणूस होता, आणि त्याला बोलावणं आलं.

"जाणार तुमी?" मी दारात आडवी उभी राहिले.

"गेलो नाय तर घर जाळतील."

"जाळू दे."

"तुजं सगळं 'जाळू दे'," तो म्हणाला, आणि मला बाजूला सारून गेला. मी मागोमाग गेले. माझ्या हातात कोयता होता. कोणासाठी घेतला होता ते माझं मलाही माहीत नव्हतं.

मुकादमाने सांगाड्याकडे बोट दाखवलं. "उतरव."

माझ्या नवऱ्याने एकेका सांध्यावरून हात फिरवला, वर बघितलं, खाली बघितलं, डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मालक, साहेबाने मला उभं कराया शिकवलं. उतरवाया नाय शिकवलं."

मुकादमाने त्याच्या कानाखाली मारली. तो पुन्हा तेच म्हणाला. पुन्हा मारली. तो तिसऱ्यांदा तेच म्हणाला, त्याच मठ्ठ चेहऱ्याने. लग्न झाल्यापासून मला तो इतका आवडला नव्हता. तरी मला राग होताच, कारण त्याने सरळ 'नाय' म्हटलं नव्हतं.

"मग कापा," मुकादम माणसांना म्हणाला.

तेव्हा आतून मूल रडलं. सुईण दारात आली, हात रक्ताने भरलेले. "या," ती म्हणाली. "आत बाळंतीण आहे. सोयर आहे. ज्याला शिवायचं त्याने शिवावं."

माणसं थांबली. बाळंतिणीच्या खोलीला, दहा दिवस व्हायच्या आधी, कोणता पुरुष हात लावणार? मुकादम स्वतः दोन पावलं मागे सरकला. "दहा दिवसांनी येतो," म्हणाला.

तो आला, तेव्हा आत दुसरी बाळंतीण होती. त्याच्या पुढच्या खेपेला तिसरी. म्हातारीने ती खोली रिकामी पडूच दिली नाही. ज्यांना घरी सुखाने बाळंत होता आलं असतं त्यांनाही आम्ही तिथे आणून बसवलं. कधी कोणाचे दिवस भरलेले नसायचे तेव्हा एखादी नुसतीच फडकी बांधून, कण्हत पडायची. मीही पडले आहे. लढाई संपेपर्यंत आम्ही असा तो दवाखाना राखला. मुकादमाच्या माणसांनी रागाने मागच्या पडवीचा एक खांब कापून नेला, बाकी सगळं उभं राहिलं. ठेकेदाराने माझ्या नवऱ्याला काम दिलं नाही. तो मुरबाडच्या बाजारात नांगर आणि पाळणे विकायला नेऊ लागला.

गोरे बहीण-भाऊ परत आले नाहीत. त्यांचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

स्वातंत्र्य मिळालं आणि सरकारने तिथे नर्स द्यायची ठरवली. समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, पताका. मधल्या खुर्चीवर कोण? ठेकेदार. पांढरी टोपी घालून. शहापूरहून आलेला अधिकारी भाषणात म्हणाला की लढाईच्या कठीण काळात शेठजींनी या वास्तूचं रक्षण केलं. टाळ्या वाजल्या. सुईण आदल्या वर्षी गेली होती, तिला हे ऐकावं लागलं नाही.

मी उठले. नवऱ्याने माझ्या पदराला धरलं. "बस गो."

मी पदर सोडवून घेतला. "साहेब," मी अधिकाऱ्याला म्हटलं, "हा खोटं बोलतोय, आणि तुमी त्याचं खोटं वाचून दाखवताय. ह्याने दवाखाना कापाया माणसं पाठवली. मागची पडवी बघा. हा आमी उभा केला, बायांनी. दोर आमी ओढला. राखला बी आमीच."

"बाई, बसा," अधिकारी म्हणाला. पुढच्या रांगेतले काही हसले. ठेकेदार माझ्याकडे बघतही नव्हता. पताकेकडे बघत होता.

माझी जाऊ उठली. तीच, त्या दिवशी सगळ्यात मागे असलेली. पदर खोचला आणि चालायला लागली. मग एकेक करून बाया उठल्या आणि आम्ही मांडवातून निघून दवाखान्याच्या पडवीत जाऊन बसलो. नवी नर्स पोरसवदा होती, घाबरली. आम्ही तिला बसायला सांगितलं, चहा करून दिला, आणि कोणाकोणाचे दिवस भरत आलेत ते सांगितलं. मांडवात भाषण चालूच होतं, पुरुषांपुढे.

पुढे दारापाशी दगड बसवला. त्यावर ठेकेदाराचं नाव कोरलं. मी मराठी चौथी शिकलेली, मला वाचता येतं. दवाखान्यात जाताना त्या दगडाकडे मी बघत नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. बघते. दर वेळी थांबून सगळं वाचते, आणि दर वेळी तेवढाच राग येतो.